लेहचे जर्दाळू, पोर्ट ब्लेअरचा नारळ

पुणे
१२ जानेवारी २०२५, रविवार
सकाळचे ६ वाजून ४० मिनिटं

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पाडव्याच्या दुपारी तू माळ्यावरची काळी ट्रंक खाली उतरवलीस. वर आईच्या जुन्या साड्या, त्याखाली माझं सामान. लॉगबुकं, पितळी मोर्स की, रबराने बांधलेली क्यूएसएल कार्डं (रेडिओवर बोलणं झाल्याची पोचपावती) आणि ती गोल फिरणारी तबकडी, जिला आम्ही डाल्टन कॉम्प्युटर म्हणायचो. ओमने ती उलटसुलट करून विचारलं, "आजोबा, याला बॅटरी कुठे लागते?" आणि तू दारात बसून म्हणालीस, "बाबा, दिवसभर विमानात कानाला हेडफोन, घरी आलात की परत कानाला हेडफोन. आमच्याशी बोलायला काय होत होतं तुम्हाला?"

हसत म्हणालीस. पण तो प्रश्न गेली चाळीस वर्षं तुझ्याजवळ होता हे मला त्याच क्षणी कळलं. तेवढ्यात पाहुणे आले, फराळाची ताटं फिरली आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी नाशिकला परतलात. तेव्हापासून मी मनात उत्तर जुळवतो आहे. फोनवर ते जमणार नाही. टर्बोप्रॉप इंजिनांशेजारी काढलेल्या वर्षांनी माझ्या कानांतली वरची पट्टी नेली. तुझ्या बोलण्यातले 'स' आणि 'श' मला ऐकूच येत नाहीत, मी अंदाजाने हो म्हणतो. म्हणून कागद घेतला.

आधी ओमच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तुझंही त्यातूनच निघेल.

त्या तबकडीला बॅटरी लागत नाही. एका बाजूला गोल स्लाइड रूल आहे, वेग, वेळ, अंतर आणि इंधन यांचे हिशेब करायला. दुसऱ्या बाजूला खरखरीत पारदर्शक चकती आहे, तिच्यावर पेन्सिलीने वारा काढायचा. विमान हवेत असतं आणि हवा स्वतः कुठेतरी चाललेली असते. नदी ओलांडणारी होडी समोरच्या घाटाला लागत नाही, प्रवाहाबरोबर खाली सरकते, तसंच. ते सरकणं म्हणजे ड्रिफ्ट. नॅव्हिगेटरचं, म्हणजे माझं, सगळं काम त्या ड्रिफ्टशी असतं. वारा किती, कुठून, आणि त्याला पुरून उरायला नाक किती अंश वळवून धरायचं हे त्याने पायलटला सांगायचं. पायलटच्या हातात विमान असतं, पण ते कुठे आहे हे नॅव्हिगेटरच्या कागदावर असतं.

आणि तो कागद नेहमी मागे असतो. २४० नॉट म्हणजे ताशी २४० सागरी मैल, मिनिटाला ४. एक फिक्स, म्हणजे ठिकाणाची नोंद, घ्यायचा, चार्टवर मांडायचा, वारा तपासायचा, यात तीन मिनिटं जात. तेवढ्यात विमान १२ मैल पुढे. म्हणजे 'आपण इथे आहोत' असं कधीच म्हणता येत नसे. 'तीन मिनिटांपूर्वी आपण इथे होतो, म्हणून आता तिथे असू', एवढंच. आमचे शिक्षक पेन्सिलीने काढलेल्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारत, "हा ठिपका खात्रीचा की आशेचा?" खात्रीचा नसेल तर त्याभोवती वर्तुळ काढावं लागे, जितका संशय तितकं मोठं.

हैदराबादला, हवाई दलाच्या बेगमपेट तळावर हे शिकलो. रात्री सेक्स्टंट घेऊन ताऱ्यांची उंची मोजायची. ध्रुवतारा सगळ्यांत प्रेमळ, कारण तो जितका उंच दिसतो जवळपास तितकाच आपला अक्षांश. पुण्यात तो क्षितिजाच्या वर साडेअठरा अंशांवर असतो. तू लहान असताना गच्चीवर हात लांब करून मुठीने मोजायला शिकवलं होतं तुला. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश, पुण्यात ध्रुव दोन मुठींना थोडा कमी. बाकीचे तारे मात्र घड्याळ मागतात. पृथ्वी ४ सेकंदांत रेखांशाचं एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग फिरते, म्हणजे विषुववृत्तापाशी एक सागरी मैल. घड्याळ अर्धा मिनिट चुकलं की तुम्ही सात-आठ मैल भलतीकडे. म्हणून उड्डाणाआधी रेडिओवर १० मेगाहर्ट्झला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए स्टेशन लावायचो. सेकंदासेकंदाला टिक्, टिक्. त्याबरोबर मनगटावरचं घड्याळ जुळवायचं. माझा रेडिओ तिथून सुरू झाला. ताऱ्यांकडे बघायच्या आधी कान लावावा लागतो, हे वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी अंगात मुरलं ते अजून आहे.

१९७६ मध्ये मी चंदीगडला एएन-१२ वर गेलो. चार इंजिनांचं रशियन मालवाहू विमान. त्यात नॅव्हिगेटरची जागा नाकात, काचेच्या खोलीत. पुढे काच, दोन्ही बाजूंना काच, पायाखालीही काच. पायलटांना डोंगर दिसायचा त्याआधी तो माझ्या पावलांखाली सुरू झालेला असे. मागच्या मालकक्षात हवेचा दाब राखलेला नसे, त्यामुळे सुट्टीवरून परतणारे जवान तिथे ऑक्सिजनच्या नळ्या लावून बसत. पहिल्यांदा जाणारी पोरं मास्क घट्ट धरून डोळे मिटून घेत.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटरवर आहे. उतरायचं सिंधूच्या खोऱ्यातून एका दिशेने, उडायचं उलट दिशेने. पलीकडे चढ आणि डोंगर. दुपारी खोऱ्यात वारे सुटतात, हवा तापून विरळ होते आणि भरलेलं विमान उचलणं अवघड होतं. म्हणून सगळं सकाळी. चंदीगडला अंधारात उठायचं, रोहतांगवर उजाडायचं, लेहला माल उतरवून उन्हं चढायच्या आत परत. तुझ्या आईने पहाटे तीनला केलेला चहा मी उभ्यानेच प्यायचो. रोहतांग ओलांडताना आमच्या विमानात कुणी वायफळ बोलत नसे. तसा नियम नव्हता. त्याचं कारण पुढे सांगतो.

एएन-१२ वर एक सिग्नलर असायचा, रेडिओवरून निरोप पाठवणारा. आमचे सिग्नलर वॉरंट ऑफिसर होते, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, तंजावरकडचे. हुद्द्याने मी वरचा, पण मी त्यांना 'सर' म्हणायचो आणि ते मला 'बॉय'. दर अर्ध्या तासाने मी त्यांना एक चिठ्ठी द्यायचो: अक्षांश, रेखांश, वेळ, उंची, पुढच्या बिंदूची अपेक्षित वेळ. ते ती मोर्समध्ये, कीवर टिकटिक करून पाठवायचे. त्यांचं मनगट मला आजही दिसतं. बोटं हलत नसत, मनगट श्वासासारखं वर-खाली होई. एकदा मी विचारलं की आता आवाजाने बोलता येतं, मग हे कशाला? ते म्हणाले, "बॉय, आवाज तुटला की शब्द तुटतो. हा टोन गोंगाटातूनही येतो. आपण कुठे आहोत हे कुणाला तरी माहीत असलं पाहिजे." माझी पितळी की त्यांचीच आहे. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

१९८२ मध्ये, खात्याची परवानगी घेऊन, दिल्लीला हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा दिली. मिनिटाला १२ शब्द मोर्स घ्यायचा आणि पाठवायचा. लायसन्स आलं, सेट नव्हता. परदेशी सेट आपल्या आवाक्याबाहेरचे. दिल्लीच्या जुन्या बाजारातून युद्धकाळातला एक रिसीव्हर आणला आणि ट्रान्समीटर स्वतः बांधला, ८०७ नावाचा एक व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची रेडिओ-नळी, घालून. त्याचा निळसर उजेड तुला आठवत असेल, कारण त्याच्यासमोर तू झोपून जायचीस. त्या उजेडासाठीच तू खोलीत येतेस असं मला वाटे. आता वाटतं, मी तिथे असायचो म्हणून येत असशील.

आता तुझा प्रश्न.

आपल्या घरात एक गोष्ट घडायची, ती तुला माहीत नाही. मी कुठे जातो आहे हे सांगायची मुभा बऱ्याचदा नसे, आणि मुभा असली तरी मी सांगत नसे. सांगितलं तर आई काळजी करेल, असं माझं म्हणणं. पण आई माझी पिशवी रिकामी करायची. जर्दाळू निघाले तर लेह. चहाची पुडी निघाली तर जोरहाट. नारळ किंवा शिंपले निघाले तर पोर्ट ब्लेअर नाहीतर कार निकोबार. तुझ्या शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये तिने पेन्सिलीने बारीक टिंबं केली आहेत, प्रत्येकाशेजारी तारीख. मला हे परवा कळलं, तू गेल्यावर ट्रंक पुन्हा भरताना. मी लॉगबुक काढून तिची टिंबं पडताळली. अकरापैकी नऊ बरोबर आहेत.

१९८४ नंतर पिशव्या बऱ्याचदा रिकाम्या येऊ लागल्या. १३ एप्रिल १९८४ ला सियाचीनवर ऑपरेशन मेघदूत सुरू झालं आणि आम्ही हिमनदीवर सामान टाकायला लागलो. केरोसीन, शिधा, औषधं. खोरं इतकं अरुंद की वळायला जागा मोजून. माल कोणत्या क्षणी सोडायचा हे नॅव्हिगेटर ठरवतो. एक सेकंद उशीर म्हणजे ७०-८० मीटर पुढे, आणि बर्फात ७०-८० मीटर म्हणजे कधी कधी भेगेच्या पलीकडे. खाली चार-पाच ठिपके हलताना दिसत, ती माणसं. त्यांचा स्टोव्ह रात्री पेटणार की नाही हे माझ्या हिशेबावर. घरी येऊन यातलं काय सांगायचं होतं मी? 'आज दोन डबे भेगेत गेले' हे जेवताना कसं सांगणार? मग १९८७ ते १९९० श्रीलंका. मद्रासहून पलाली, पलालीहून मद्रास. जाताना जवान, येताना जखमी. त्या काळातल्या माझ्या पिशवीत आईला काहीच सापडलं नसेल. अ‍ॅटलासमध्ये त्या वर्षांना एकही टिंब नाही.

आणि मी घरी येऊन काय करायचो? रेडिओ लावायचो. जपानमधला एक शिक्षक, इर्कुत्स्कचा एक इंजिनिअर, इटलीतला एक म्हातारा. हॅममध्ये संभाषण ठरावीक असतं. तुमचा सिग्नल असा येतोय, माझं नाव हे, आणि मग 'क्यूटीएच', म्हणजे माझं ठिकाण. ते ठिकाण मी रोज अनोळखी माणसांना सांगायचो: "क्यूटीएच चंदीगड." त्यात गुपित काही नव्हतं, ते फक्त आपल्या घराचं गाव होतं. पण दिवसभरात जे कुठेच म्हणता आलेलं नसे ते तिथे म्हणता यायचं: मी इथे आहे, तुम्हाला ऐकू येतंय का? पलीकडून उत्तर आलं की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. तेच उत्तर पडद्यापलीकडच्या खोलीत दोन माणसं द्यायला तयार बसली होती, आणि मी त्यांना विचारलंच नाही. हे मी तुला कारण म्हणून सांगत नाही, मुक्ता. जे झालं ते सांगतो आहे.

एक चूक सांगायची राहिली आहे. ती लॉगबुकात लाल शाईने आहे, तुला दिसली असेल.

१९८६. तोवर मी एएन-३२ वर आलो होतो. त्यात नॅव्हिगेटर पायलटच्या मागे डावीकडे बसतो, शेजारी बाहेर फुगलेली गोल खिडकी. मद्रासहून पोर्ट ब्लेअरला निघालो, सकाळची वेळ, खाली बंगालचा उपसागर. हे अंतर सुमारे ७४० सागरी मैलांचं आणि मध्ये काहीही नाही. वारा डावीकडून होता, पाच अंश ड्रिफ्ट. म्हणजे नाक पाच अंश डावीकडे धरायला हवं होतं. मी उजवीकडे दिलं. बेरीज-वजाबाकीची चूक, पहिल्या महिन्यातली पोरं करतात ती.

चाळीस मिनिटं गेली. सवयीने मी रेडिओ कंपास मद्रास आकाशवाणीवर लावला. मध्यमलहरींच्या स्टेशनकडे त्याची सुई वळते, त्यावरून आपण स्टेशनपासून कोणत्या रेषेवर आहोत ते कळतं. हेडफोनमध्ये नागस्वरम वाजत होतं. सुई जिथे हवी होती तिथून दहा अंश बाजूला. आधी मी सुईलाच दोष दिला, पुन्हा लावली. नागस्वरम तेच, दहा अंश तेच. मग हिशेब पाहिला आणि हात गार पडले. आमच्याकडे साठात एकचा नियम आहे: ६० मैलांत एक अंश चुकलात तर एक मैल बाजूला जाल. आम्ही १६० मैल आलो होतो, दहा अंश चुकून. म्हणजे वाटेपासून जवळजवळ २७ मैल दक्षिणेला, पन्नास किलोमीटर. तसंच पुढे गेलो असतो तर पोर्ट ब्लेअरच्या वेळेला आम्ही अंदमान आणि निकोबारमधल्या टेन डिग्री चॅनलच्या उघड्या पाण्यावर असतो, परतीच्या इंधनाचा हिशेब करत.

मी पाच-सात सेकंद गप्प बसलो. त्या सेकंदांची मला आजही लाज वाटते, चुकीची तितकी नाही. हळूहळू दोन-दोन अंश दुरुस्त करत नेलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मग बटण दाबून म्हणालो, "कॅप्टन, माझी चूक झाली आहे. आपण २७ मैल उजवीकडे आहोत." कॅप्टन मागे वळले नाहीत. म्हणाले, "नवं हेडिंग?" मी दिलं. विमान डावीकडे कललं. थोड्या वेळाने म्हणाले, "दिसल्याबरोबर सांगितलंस ना?" मी म्हणालो, "नाही सर, पाच-सात सेकंद लागले." ते काही बोलले नाहीत. उतरल्यावर त्यांनी आकाशवाणीवर काय लागलं होतं ते विचारलं.

त्या फेरीत मी तुझ्यासाठी एक मोठा शंख आणला होता. तो तुझ्याकडे आहे का अजून?

तुझ्या मनात आणखी एक दिवस आहे, मला माहीत आहे. २६ डिसेंबर २००४, रविवार. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तुझ्या लग्नाच्या शालूसाठी आपण तिघांनी लक्ष्मी रोडला जायचं ठरलं होतं. मी आलो नाही. तू दारात चप्पल घालून उभी होतीस आणि मी हेडफोनवर हात ठेवून म्हणालो, "आत्ता नाही." तुम्ही दोघी गेलात. परत आलात तेव्हा तुझे डोळे सुजले होते. मी तेव्हाही बोललो नाही.

त्या महिन्यात अंदमानातून हॅम स्टेशन चालू होतं. कितीतरी वर्षांनी तशी परवानगी मिळाली होती आणि भारती प्रसाद या हॅम बाईंबरोबर काही जण पोर्ट ब्लेअरला गेले होते. जगभरचे हॅम रात्र-रात्र जागून त्यांचा सिग्नल पकडत होते. त्या सकाळी साडेसहाच्या सुमारास भूकंप झाला, मग समुद्र आत आला. टेलिफोन गेले. त्यांनी जगाशी चाललेला खेळ थांबवला आणि निरोप पाठवायला सुरुवात केली. एरवी हॅमला दुसऱ्याचा निरोप पोचवता येत नाही, आपत्तीत येतो. मी कागद ओढून बसलो. नावं येत होती, गावं येत होती, कोण सुखरूप, कुणाचा पत्ता नाही. पुढच्या दोन दिवसांत त्यातल्या दोन घरी मी फोन केले, एक साताऱ्याला, एक औरंगाबादला. "तुमचा मुलगा जिवंत आहे, शाळेच्या इमारतीत आहे." साताऱ्याच्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा."

कार निकोबारचा आमचा तळ पाण्यात गेला होता. हवाई दलाची माणसं आणि त्यांची कुटुंबं मिळून शंभराहून अधिक गेली. तिथल्या क्वार्टर्स समुद्राला लागून होत्या. मी त्यांच्या अंगणात चहा प्यायलो होतो, तिथल्या लेकरांना खाऊ नेला होता. तुझ्या आईच्या अ‍ॅटलासमध्ये तिथे चार टिंबं आहेत. म्हणून मी शालू घ्यायला आलो नाही. सांगितलं असतं तर तू माझ्याशेजारी बसली असतीस. मला खात्री आहे, कागद-पेन घेऊन बसली असतीस.

आता हे सगळं नेमकं आत्ता का. त्याचं कारण गेलं वर्ष.

७ फेब्रुवारी १९६८ ला एक एएन-१२ चंदीगडहून लेहला निघालं होतं. लेहला हवा खराब म्हणून पायलटने विमान परत फिरवलं. रोहतांगच्या आसपास शेवटचं बोलणं झालं. आत १०२ माणसं होती. मी चंदीगडच्या तळावर गेलो तेव्हा या गोष्टीला आठ वर्षं झाली होती आणि ज्यांचे मित्र त्यात होते ती माणसं अजून उड्डाणं करत होती. रोहतांगवर आम्ही गप्प असायचो ते त्यासाठी. प्रत्येक जण खाली बघायचा. मी तर काचेतूनच बघायचो, पायाखाली. २००३ मध्ये गिर्यारोहकांना लाहौलमधल्या ढाका हिमनदीवर अवशेष सापडले. आणि गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस, ५६ वर्षांनी, आणखी चार जणांचे देह बर्फातून बाहेर आले.

दुसरं २२ जुलै २०१६ चं. तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२. २९ माणसं. माझीच वाट, माझंच विमान. कित्येक दिवस जहाजं आणि विमानं शोधत राहिली, काही मिळालं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत बातमी आली की पाण्याखालच्या यंत्राने ३,४०० मीटर खोलवर अवशेषांची छायाचित्रं घेतली आहेत. तो आकडा वाचून मी उठलो आणि गच्चीवर गेलो. लेहचा विमानतळ जितका उंच आहे, त्याहून थोडं जास्त ते खोल.

एकाच वर्षी बर्फाने आणि समुद्राने माझी दोन्ही विमानं परत दिली. त्या विमानांतही नॅव्हिगेटर होते, चार्टवर पेन्सिल होती, शेवटचा ठिपका होता. त्यांच्या घरी इतकी वर्षं कुणीतरी नकाशाकडे बघत बसलं असेल. दिवाळीत तू विचारलंस तेव्हा मला ती घरं आठवली. माझं विमान दर वेळी परत आलं, मी दर वेळी दारात येऊन उभा राहिलो, आणि तरी तुम्हाला मी कुठे होतो ते कळलं नाही.

म्हणून लॉगबुकं तुला पाठवतो आहे, पाचही. प्रत्येक पानासमोर कोऱ्या कागदावर मी लिहायला घेतलं आहे, कुठे गेलो, कुणाबरोबर, काय बघितलं. पहिलं पूर्ण झालं आहे, दुसरं निम्मं. आईलाही वाचून दाखवतो. तिची दोन चुकलेली टिंबं मी दुरुस्त करणार होतो, तिने करू दिली नाहीत. म्हणते, "मला तेव्हा तुम्ही तिथेच वाटला होतात."

आता ओमचं. मागच्या महिन्यात त्याला १२ पूर्ण झाली, म्हणजे तो हॅमच्या परीक्षेला बसू शकतो. अर्ज आता ऑनलाइन भरतात, मी माहिती काढून ठेवली आहे. त्याला म्हणावं, मोर्स शिकताना ठिपके-रेघा पाठ करू नकोस, कानाने घे, गाण्यासारखं. त्याचा आवाज मला फोनवर कळत नाही, फार बारीक आहे. पण ६०० हर्ट्झचा टोन मला अजून स्वच्छ ऐकू येतो. कानाचे डॉक्टर म्हणतात, तो बराच काळ टिकेल.

त्याच्यासाठी मी एक सेट बांधतो आहे, बिटएक्स नावाचा. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये ही मांडणी केली, आपल्याकडच्या गल्लीत मिळणाऱ्या सुट्या भागांत व्हावी म्हणून. मूळ मांडणीत कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर आहेत. मी तपकीर गल्लीतून ट्रान्झिस्टर आणि तार आणली, वॉशर कोपऱ्यावरच्या नळवाल्याकडून. दुकानदाराने किती नळ गळतायत म्हणून विचारलं. डाग देताना हात थोडा थरथरतो, म्हणून सकाळीच काम करतो. पाच-सहा वॅट निघतील, रात्रीच्या दिव्याएवढे. पुणे-नाशिकला ते पुरतात. हवेतलं अंतर १६५ किलोमीटरच्या आसपास आहे, दिवसा ७ मेगाहर्ट्झवर लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आकाशातून परत खाली येते. मधले डोंगर आड येत नाहीत.

त्याला अँटेना लागेल. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, मध्ये केबल. तुझ्या गच्चीची लांबी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेपने मोजून कळव, पावलांनी नको. पाण्याच्या टाकीची उंचीही. मागच्या अंगणातला आंबा अजून असेल तर एक टोक त्याला बांधता येईल. संक्रांत झाली की मी आणि आई येतो, सेट, तार आणि पितळी की घेऊन.

तुझा,
बाबा